रामटेकेबाईंची दुसरी हजेरी

नव्या शाळेतल्या माझ्या पहिल्या दिवशी, पहिल्या दहा मिनिटांतच मला धक्का बसला. परिपाठ संपला, मुलं चटयांवर बसली आणि मुख्याध्यापिका रामटेकेबाई हजेरी घ्यायला उभ्या राहिल्या.

"कुमरे संदीप."

"हजर, बाई. मन बकरीपाशी."

बाईंनी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

"आत्राम सपना."

"हजर. मन इथीच हाय."

"सिडाम विलास."

"हजर. मन मामाच्या लग्नात."

"लग्न कधी हाय?"

"झालं, बाई. परवाच झालं."

"मंग मनाले सांग, मांडव काढला म्हणा. जेवलं अशीन तं ये आता."

मी दाराशी उभा होतो. आधी वाटलं, नव्या मास्तरच्या स्वागतासाठी पोरांनी काही गंमत बसवली असेल. पण कोणी हसत नव्हतं. सगळी पोरं एकामागून एक उठत होती आणि आपापल्या मनाचे पत्ते सांगत होती. कोणाचं तळ्यावर, कोणाचं काल व्यालेल्या गाईपाशी, पहिलीतल्या एकीचं आजीच्या पदराखाली. सगळी नावं झाल्यावर बाई माझ्याकडे वळल्या.

"पिंपळकर सर, तुमचं?"

"माझं काय?"

"मन."

"इथंच आहे की," मी जरा घुश्शातच म्हणालो. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मधल्या सुट्टीत मी ती वही चोरून उघडली. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'आहे म्हणतात. दिसत नाही.'

मला धक्के फार बसतात, हे आधीच सांगून टाकतो. माझी बायको म्हणते, "याईले धक्का बसाले कारण लागत नाई, मोकळा वेळ लागते." पण मी नियमाने चालणारा माणूस. चंद्रपुरात वाढलो, आठ वर्षं शहराजवळच्या शाळेत गणित शिकवलं आणि बदलीच्या यादीने उचलून मला पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलातल्या या गावात आणून ठेवलं. आता कबूल करायला हरकत नाही, त्या दिवशी माझं मन खिशातल्या अर्जात होतं. बदली रद्द करण्याचा अर्ज होता तो.

शाळा म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा, एक हापशी आणि सातवीपर्यंतची एकतीस मुलं. शिक्षक तीन मंजूर, दोन हजर. लहान वर्ग बाईंकडे, पाचवी ते सातवी माझ्याकडे. रामटेकेबाई दिसायला बुटक्या, सावळ्या, आणि चालायला अशा की बरोबरच्याला धाप लागावी. निवृत्तीला आठ-नऊ महिने राहिले होते. खांद्याला कायम एक कापडी पिशवी आणि त्या पिशवीत दोन हजेऱ्या. एक सरकारी. दुसरी एक लांबट वही, जिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'मनाची हजेरी'.

"देहाची हजेरी सरकारले, मनाची आपल्याले," हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की एकदा झोपेत मीच ते बोललो, असं बायको सांगते. मोबाईलवर मुलांची हजेरी भरायची वेळ आली तेव्हा बाईंनी माझा फोन हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"सर, थ्याच्यात मनाचा फोटो निघते का?"

"नाही, बाई."

"मंग अर्धंच काम करते तुमचं यंत्र," असं म्हणून त्यांनी फोन परत दिला आणि ते काम कायमचं माझ्या गळ्यात घातलं.

मी पहिल्या महिन्यातच माझा निकाल देऊन मोकळा झालो होतो. एकदा खिचडी खाताना म्हणालो, "बाई, या पोरांना शिकायचंच नाही. मन लागत नाही त्यांचं."

बाईंचा घास हातातच राहिला. "मन लागत नाई असं पोट्टं मी अजून पाह्यलं नाई, सर. लागलेलं असते. फक्त दुसरीकडं लागलेलं असते. आपल्याले पत्ता सापडत नाई, म्हणून आपण म्हणतो पोट्टं ढ हाय."

आणि हा पत्ता शोधायची त्यांची पद्धत पाहून तर मी हबकलोच. पिशवीत गोणपाटाचं एक बसकर असायचं. ज्या पोराचं मन फार दिवस बाहेर राहिलं, त्याच्या चटईवर ते बसकर टाकून बाई अख्खा दिवस मांडी घालून बसायच्या. तो जिकडे बघेल तिकडे बघायच्या. त्याला ऐकू येईल ते ऐकायच्या. अशा एका दिवशी त्या माझ्या तासाला तिसऱ्या रांगेत येऊन बसल्या. मी दशांश चिन्हं शिकवत होतो. साडेबाराला बाईंनी हात वर केला.

"सर, तुमचं थांबवा. इथी काही शिकणं होत नाई."

"का?"

"इथी सरळ फोडणीचा वास येते. मलेच काही समजून नाई राह्यलं, थ्या पोट्ट्याले काय समजन?"

दुसऱ्या दिवसापासून गणित जेवणानंतर. माझं आठ वर्षांचं वेळापत्रक एका फोडणीने उडवलं. मी चिडलो, पण तिसऱ्या रांगेतला विलास त्या आठवड्यात दशांश चिन्ह जागेवर द्यायला लागला, हेही खरं आहे.

तरी मी तक्रार केलीच. लेखी केली. एक बाई सरकारी वेळेत मुलांच्या बकऱ्या आणि लग्नं वहीत उतरवते, हे कोणाला तरी कळायला हवं, असं मला मनापासून वाटत होतं. नोव्हेंबरात एक साहेब तपासणीला आले. बाईंना पाहिजे असतं तर त्या दिवशी त्यांनी दुसरी वही पिशवीतच ठेवली असती. त्यांनी ती काढली, सगळ्यांची हजेरी घेतली, माझी घेतली आणि मान वळवली.

"साहेब, तुमचं?"

मी डोळे मिटून घेतले.

"काय?" साहेब म्हणाले.

संदीप कुमरे मदतीला उभा राहिला. "साहेब, मन कुठी हाय थे सांगा लागते. खोटं नाई चालत."

मला वाटलं, आता आपल्या दोघांचीही नोकरी गेली. पण साहेब चिडले नाहीत. खुर्चीत जरा पुढे सरकले, हातातलं पेन बंद केलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मुलीपाशी आहे. बारावीला आहे. पुस्तक उघडून बसते, पान उलटत नाही. काय झालं विचारलं की रडते."

बाईंनी ते लिहून घेतलं. "तिच्या खुर्चीवर बसून पाह्यलं का तुम्ही?"

"नाही."

"बसून पाहा. दिवसभर बसा लागन."

साहेबांनी खिचडी खाल्ली, शेरा लिहिला आणि निघून गेले. शेरा होता, 'शाळा समाधानकारक.' मी तो तीनदा वाचला. बाईंनी मात्र तक्रार कोणी केली ते विचारलंही नाही. त्यांना माहीत असणार, असं मला अजूनही वाटतं.

पण बाईंच्या त्या वहीत एक जागा कोरी होती. जूनपासून कोरी.

"मडावी जैवंती."

"हजर."

"मन?"

मान खाली. रोज. सातवीतली ही मुलगी जूनमध्ये अहेरीकडच्या एका गावातून आईबरोबर इथे आली होती. वडील नव्हते, दोघी मामाकडे राहायच्या. ती एक दिवस चुकायची नाही. उलट सगळ्यांच्या आधी, दहालाच शाळेत येऊन खिडकीपाशी बसायची. पेन्सिल हातात, नजर बाहेर, वही कोरी. नऊ अधिक सात किती विचारलं तर माझ्याकडे असं बघायची, जणू मी कुठल्या तरी दुसऱ्या गावाचा रस्ता विचारतोय. मी तिला ढ ठरवलं आणि विसरून गेलो.

तिची आई, यमुना, एकदा शाळेत येऊन स्पष्टच बोलली. "बाई, रोज येते तरी काई येत नाई तिले. मोहफुलं पडू लागली का मी तिले संग नेतो. मंग शाळा बस."

मोहफुलं पडायला लागतात मार्चमध्ये. बाई निवृत्त होणार फेब्रुवारीअखेर. त्या दिवसापासून बाईंना दुसरं काही सुचेना. "मी जाईन थ्याच्या आंधी पत्ता सापडाले पायजे, सर," त्या म्हणायच्या. "नाई तं थी गेली. एकदा चूल आन् जंगल सुरू झालं का पोट्टी वापस येत नाई."

मग रोज सकाळी एक नवा अंदाज. "मन जत्रेत?" मान नाही. "मोबाईलमंधी?" नाही. "जुन्या गावात? मैत्रिणीपाशी? भेव वाटते का कशाचं?" नाही, नाही, आणि शेवटच्या प्रश्नाला काहीच नाही. एके दिवशी बाईंनी पिशवीतून जिवंत कोंबडी काढून वर्गात सोडली. ही पोरगी कशाकडे तरी बघते का, हे पाहायचं होतं म्हणे. तीस पोरं कोंबडीमागे धावली, मी टेबलावर चढलो, आणि जैवंती खिडकीबाहेरच बघत राहिली.

"बाई, सोडा आता," मी कपडे झटकत म्हणालो. "तिला मन नाहीच मुळी."

बाई माझ्यावर रागावल्या त्या तेव्हाच. दोन दिवस बोलल्या नाहीत. त्या दोन दिवसांची माझी नोंद मी नंतर वाचली. 'मन दगडापाशी.'

जानेवारीतली गोष्ट. लहान मुलांना व्हरांड्यात चित्रं काढायला बसवून बाई आपलं बसकर घेऊन माझ्या वर्गात आल्या आणि जैवंतीच्या शेजारी बसल्या. जेवणानंतरचा तास. मी लाल पेन घेऊन वह्या तपासत फिरत होतो. जैवंतीची वही उघडली. पुढची पानं कोरी. मागून उघडली, तर नुसत्या रेघोट्या! उभ्या रेघा, ओळीच्या ओळी, पानांमागून पानं, जूनपासूनच्या. शेवटच्या ओळीत आजच्या ताज्या नऊ रेघा होत्या. माझं डोकं फिरलं. सात महिन्यांत मला या मुलीकडून एक आकडा मिळाला नव्हता आणि रेघोट्यांना मात्र वेळ होता.

"वही यासाठी दिली का?" म्हणत मी त्या नऊ रेघांवर लाल पेनाने मोठ्ठी फुली मारली.

आणि ज्या मुलीच्या तोंडून 'हजर'शिवाय शब्द ऐकला नव्हता, ती किंचाळली. "सर, माही माय हाय थ्यात!"

मला काही कळेना. जैवंती थुंकी लावलेल्या बोटाने ती लाल शाई पुसायला लागली, मग फ्रॉकच्या टोकाने, मग नखाने. कागद फाटायला आला. बाईंनी हळूच तिचा हात धरला आणि वही स्वतःच्या मांडीवर घेतली. एकेक ओळ बोटाने वाचत गेल्या. मग मला जवळ बोलावलं.

रोजच्या दोन ओळी होत्या. वर नऊ, खाली नऊ. वर सात, खाली सात. वर अकरा, खाली अकरा. आज वर नऊ होत्या आणि खाली काहीच नव्हतं. बाईंनी मान वर केली. जैवंतीच्या खिडकीतून जी पायवाट दिसते, तिच्यावरून गावातल्या बाया दहाच्या सुमारास सरपणाला आणि झाडूच्या गवताला जंगलात जातात. चारच्या सुमारास परत येतात. यमुना त्यांच्यातच असते.

"काऊन मोजतं, माय?" बाईंनी विचारलं.

ती खिडकीकडे बघतच बोलली. "बाबा गेले थ्या दिवशी पाच जण गेले होते. बांबू तोडाले. चार आले. घरी येऊन पानी पेले, बिडी ओढली. मायनं इचारलं, हे कुठी हाये? थे म्हणे, मांगून येऊन राह्यला अशीन." तिने फ्रॉकवरची लाल शाई चोळली. "कोणी मोजलंच नाई, बाई. दुसऱ्या दिवशी सापडले."

वाघाचं नाव तिने घेतलं नाही. इकडे ते कोणाला सांगावं लागत नाही.

मी आयुष्यात खूप धक्के खाल्ले, त्यांतले अर्धे उगाचच. पण त्या दुपारी मला कोणी भर वर्गात थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. मी गणिताचा मास्तर. माझ्या वर्गात एक मुलगी सात महिने रोज मोजत होती, एकही दिवस न चुकता, आणि तिला मोजता येत नाही असं मी मानत होतो. आणि आज ज्या नऊ बाया अजून घरी आल्याच नव्हत्या, त्यांच्यावर मी लाल फुली मारून ठेवली होती. तिच्या आईवरसुद्धा.

"चला," बाई उठल्या. "शाळा बाहेर."

"चार वाजायला अजून दीड तास आहे, बाई." सवयीने तोंडातून निघून गेलं.

"मंग दीड घंटा बाहेर बसू."

एकतीस मुलं आणि दोन शिक्षक पायवाटेच्या कडेला धुळीत बसलो. पहिलीतली पोरंसुद्धा जंगलाकडे बघत होती. चार वाजता पहिली मोळी दिसली.

"एक," जैवंती म्हणाली. मग सगळी शाळा तिच्याबरोबर मोजायला लागली. दोन. तीन. पुढे चालणारी बाई आम्हाला बघून थबकली.

"काऊन जी, सारी शाळा रस्त्यावर? साहेब मेला का?"

पाच. सहा. सात. आठवी बाई आली, हसली आणि पुढे गेली. मग पायवाट रिकामी झाली.

मी आठच्या पुढचा आकडा इतक्या आतुरतेने कधी मागितला नव्हता. जैवंती उभी राहिली होती आणि तिने माझी बाही घट्ट धरली होती. ती बहुतेक बाईंची समजून धरली असेल. बाईंनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओरडल्या, "यमुनाऽऽ!"

वळणामागून आवाज आला. "काऊन ओरडून राह्यल्या बाई? येऊन तं राह्यली!" आणि यमुना दिसली. डोक्यावर मोळी, एका पायात चप्पल, दुसरी तुटलेली हातात.

सगळी शाळा हसली. मी तोंड फिरवून रडलो आणि ते सातवीच्या सगळ्या पोरांनी पाहिलं. जैवंती खाली बसली, वही मांडीवर घेतली आणि माझ्या लाल फुलीच्या खाली, सावकाश, एकेक करून नऊ रेघा ओढल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी नवीन पद्धत सुरू केली. जंगलात जाताना बाया शाळेवरून जायच्या. फळ्याच्या कोपऱ्यात जैवंती त्यांचा आकडा लिहायची. परत आल्या की तीच शाळेची घंटा वाजवायची, मग कोणताही तास असो. मी गुणाकाराच्या मधोमध असताना टणटण व्हायची आणि मी दर वेळी दचकायचो. बायांनाही सवय लागली. जंगलातून निघताना आता त्या आपापल्यात मोजून निघायच्या. आणि त्या पहिल्याच सकाळी हजेरीला, "मडावी जैवंती" म्हटल्यावर उत्तर आलं, "हजर. मन बायांमागं."

बाईंना ते लिहायला फार वेळ लागला. चष्मा दोनदा पुसावा लागला.

पुढे दोन-तीन आठवड्यांनी ती म्हणाली, "मन बायांमागं. अर्धं इथी." मग एकदा म्हणाली, "पाऊण इथी." मी तेव्हा अपूर्णांक शिकवत होतो. माझ्या अपूर्णांकांचा कोणी खरोखर उपयोग केलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पाढ्यांना ती अजूनही अडखळते, सातचा पाढा तर तिचा शत्रू आहे. पण वही आता पुढून उघडते. यमुना येऊन सांगून गेली, "सकाळी मोह येचून मंग येईन थी शाळेत. नाई तं घंटा कोण वाजवन?"

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी गावाने बाईंना साडी-नारळ दिला. भाषणं झाली. बाईंनी भाषण केलं नाही. पिशवीतून दुसरी हजेरी काढली आणि सर्वांसमोर माझ्या हातात ठेवली. मी ती त्या दिवशी पहिल्यांदा नीट चाळली. प्रत्येक दिवसाच्या शेवटी एक नाव असायचं, जे त्या कधी मोठ्याने पुकारत नसत. 'रामटेके सुलोचना.' आणि पुढे दर दिवशी एकच शब्द, 'इथेच'. वर्षानुवर्षं इथेच.

त्यांचं सामान एका छोट्या गाडीत घालून मी त्यांना घुग्घुसला सोडायला गेलो. घर त्यांच्या वडिलांचं. वडील खाणीत होते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी हैदराबादला, रविवारी फोन करते. हे सगळं मला त्या दिवशी कळलं, नऊ महिन्यांत मी विचारलंच नव्हतं. रस्ताभर बाई पोरांबद्दल बोलत होत्या. गल्लीत शिरल्यावर गप्प झाल्या. कुलूप गंजलेलं, किल्ली फिरेना. आत सगळ्यावर धुळीचा थर, मांडणीवर पालथं घातलेलं एकच ताट, आणि खोलीत एकच खुर्ची. त्यांनी खुर्ची पदराने पुसून मला दिली आणि स्वतः पिशवीतलं बसकर टाकून खाली बसल्या.

"सर, उद्या साडेदहाले हजेरी घेसान न?"

"घेईन."

"दोन्ही?"

"दोन्ही, बाई."

"हाव. मंग निघा आता," त्या म्हणाल्या. त्या दाराशी आल्या नाहीत. मी वळून पाहिलं तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी मी दुसरी हजेरी घेतली. बकऱ्या, तळं, लग्नं, सगळे पत्ते लिहिले. वही मिटवत होतो तेवढ्यात जैवंती उभी राहिली.

"सर, एक नाव राह्यलं."

"बाई गेल्या ना, जैवंती."

"देह गेला. मनाचं इचारा न. फोन लावा."

मी नियमाने चालणारा माणूस. वर्गात फोन लावू नये, हे मला माहीत आहे. मी लावला आणि आवाज मोठा केला. एक घंटीही पुरी वाजली नाही.

"हजर!"

त्या फोन हातात घेऊनच बसल्या असणार. सकाळपासून.

"आणि मन, बाई?" मी विचारलं.

पलीकडून ट्रकांचे आवाज येत राहिले. एक गेला, दुसरा गेला. मग बाईंनी विचारलं, "आज किती बाया गेल्या?"

"अकरा, बाई," जैवंती ओरडली.

"अकरा," बाई पुटपुटल्या. "मंग आल्या का सांगजो, माय. इसरू नोको. मी फोनपाशीच बसून हावो."

सव्वाचारला घंटा वाजली. मी भागाकाराच्या मधोमध होतो, नेहमीसारखा दचकलो. जैवंती घंटेपाशी हातोडी टाकून धावत आली आणि हात पुढे केला. मी नंबर लावून फोन तिच्याकडे दिला.

"बाई, अकरा."

पलीकडून एक लांब श्वास सुटलेला मला इतक्या दूरवरून ऐकू आला. मग फोन बंद झाला.

मुलं घरी गेल्यावर मी दुसरी हजेरी पुन्हा उघडली. शेवटचं नाव लिहिलं, 'रामटेके सुलोचना', आणि पुढे लिहिलं, 'जैवंतीच्या खिडकीपाशी'.